खांबाला लागलेला चेंडू

मार्च उजाडला आणि कॉलिनचा मेसेज आला. बाल्कनीतल्या कुंडीत क्रोकसची जांभळी टोकं वर येणं आणि ह्या माणसाला माझी आठवण होणं, दोन्ही दरवर्षी एकाच सुमारास होतं. ‘झेंडे तयार आहेत ना?’ एवढंच लिहिलेलं. नमस्कार नाही, कसे आहात नाही. मी ब्राउनश्वाइगच्या स्टेशनवर वोल्फ्सबुर्गच्या गाडीची वाट बघत उभा होतो, गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती, वारा कानात शिरत होता, आणि मी मनाशी ठरवलं की ह्या वर्षी नाही म्हणजे नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगायचं. ज्या पोरीपायी हे झेंडे माझ्या गळ्यात पडले ती पोरगी खेळ सोडून कायझर्सलाउटर्नला शिकायला गेली. तिथे ती आता सुट्टीच्या दिवशी हॉलमधल्या खोट्या भिंती चढते. आणि मी मात्र अजून तिच्या मैदानावर उभा. ह्याला काही अर्थ आहे का?

झेंडे अर्थातच तयार होते. केलरमध्ये, म्हणजे तळघरात, हिवाळी टायरांच्या मागे, खाकी पिशवीत, घडी घालून ठेवलेले. त्यांच्या शेजारी तो लाल चेंडू. आता त्यातली हवा गेली आहे आणि दाबला तर तो खोकल्यासारखा आवाज करतो, पण नाकाशी धरला की कातड्याचा, ओल्या गवताचा आणि कसल्याशा मेणाचा वास अजून येतो. त्या वासाबरोबर ते अख्खं वर्ष येतं. मला नको असताना येतं.

रेवा, माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड लागलं. साध्या फुटबॉलचं लागलं असतं तर मी एका शब्दानं बोललो नसतो. जर्मनीत राहतो, दर दोन गल्ल्यांआड मैदान आहे, बूट मिळतात, मुलींचे संघ आहेत. पण हिला हवा होता तो हजारो मैलांवरचा प्रकार. चेंडू पपईसारखा लांबट. तो हातात धरून पळायचं, पळता पळता जमिनीवर आपटायचा, हातानं फेकायचा नाही पण मुठीनं ठोसा मारून द्यायचा, पायानं उडवायचा आणि दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकवून हवेत झेलायचा. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब, मध्ये ना जाळी ना आडवी दांडी. मधल्या दोन खांबांमधून पायानं मारलेला चेंडू गेला तर गोल, त्याचे सहा गुण. हुकला आणि बाजूच्या खांबांमधून गेला, तर त्याला म्हणतात बिहाइंड. त्याचा एक गुण.

“हुकल्याचा एक गुण?” मी विचारलं होतं.

“हो. जवळ गेलास ना, म्हणून.”

मी गाड्यांच्या कारखान्यात काम करतो. आमच्याकडे हुकलेल्या भागाला गुण मिळत नाहीत, त्याला भंगाराच्या पेटीत जागा मिळते. हा खेळ ज्यानं काढला त्याला कधी कुणी कामावर ठेवलं नसणार, असं मी तेव्हा म्हणालो, आणि रेवानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवघरात चपला घालून आलो.

हे वेड घरात आणलं मेलबर्नजवळच्या एका मुलीनं. शाळेच्या अदलाबदलीत ती काही महिने रेवाच्या वर्गात होती. आली, राहिली, मंजिरीच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि जाताना हा लाल चेंडू आणि हा ताप आमच्या घरी ठेवून गेली. तिचं काय, ती तिकडे सुखात असेल.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याआधीच्या वर्षभरात रेवा माझ्याशी मराठीत बोलेनाशी झाली होती. भांडण वगैरे काही नाही. मी मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. जेवलीस का, तर ‘या’, म्हणजे हो. शाळेत काय झालं, तर खांदे उडवून ‘निश्ट्स’, काही नाही. इथल्या बहुतेक मराठी घरांत हेच चालतं, गणपतीला जमलो की सगळे आईबाप एकमेकांना हेच सांगतात आणि मोदकाचा दुसरा घास घेतात. मंजिरी, माझी बायको, म्हणायची, “कळतं ना तिला सगळं? मग झालं तर.” माझं झालं नव्हतं. मला जर्मन येतं, दिवसभर ऑफिसात तेच बोलतो, पण त्या भाषेत मी कायम बूट घातलेला असतो. तिच्यात मला मुलीवर धड चिडता येत नाही, लाड तर सोडाच. मला भीती वाटायची की आणखी दोन-तीन वर्षं अशी गेली की आमच्यात फक्त किल्ल्यांचं आणि वेळापत्रकाचं बोलणं उरेल. ही भीती मी कुणाला सांगितली नाही. ती दिवसभर चिडचिड होऊन बाहेर पडायची, एवढंच.

तर असा मार्च होता, आणि तिकडे सामने सुरू झाले. मेलबर्नला शनिवारी दुपारी खेळतात, म्हणजे इथे भल्या पहाटे. बरं, किती पहाटे हेही धड नाही. मार्चच्या शेवटी इथली घड्याळं एक तास पुढे जातात, आणि आठवड्याभरानं तिकडची एक तास मागे. त्या मधल्या आठवड्यात मी इंजिनिअर असूनही हिशेब चुकलो आणि रेवाला चुकीच्या वेळी उठवलं. सामना अजून सुरूच व्हायचा होता. दोघंही सोफ्यावर पांघरूण घेऊन बसलो, लॅपटॉपवर रिकामं हिरवं मैदान आणि त्यावर फिरणारे पांढरे पक्षी. करायला काही नव्हतं म्हणून मी आलं ठेचून चहा टाकला.

आणि ती बोलायला लागली. मराठीत.

मला आधी लक्षातच आलं नाही. मग आलं, आणि मी कप हातात धरून अजिबात न हलता बसलो. पाखरू गजावर येऊन बसलं की आपण बसतो तसा. नंतर विचार केला तेव्हा कारण कळलं. ह्या खेळाला जर्मनमध्ये शब्दच नाहीत. सगळे शब्द इंग्रजी, आणि इंग्रजी शब्दांना धरून ठेवणारी तिच्याकडची वाक्यं ती आमच्या घरातली. आम्ही नाही का ‘फ्रिजमध्ये ठेव’, ‘मीटिंग लांबली’ म्हणत? तशीच तिची मराठी परत आली, मागच्या दारानं.

“बाबा, बघ बघ. आता तो मार्क घेणार. घेतला. आता त्याला कोणी टच नाही करू शकत, तो आरामात मागे जाणार, लाइन बघणार आणि किक करणार.”

“लाथ मारणार.”

“किक, बाबा. लाथ काय? गाय आहे का तो?”

तिच्या त्या लाडक्या संघाचं नाव मी इथे घेत नाही, घरात खूप ऐकलंय. तो संघ हरायचाच. नियमितपणे, मनापासून हरायचा. आणि ती तितक्याच मनापासून रडायची, मग सोमवारच्या गणिताच्या पेपरात चार नंबरची ग्रेड आणायची. इथे चार म्हणजे काठावर. मंजिरी वैतागायची, मीही तिच्यासमोर वैतागायचो. पण पुढच्या शनिवारी गजर लावायचो मीच. बाहेर लिंडनची झाडं अजून काळी, खाली बेकरीचं शटर वर जाण्याचा आवाज, आणि सोफ्यावर माझी मुलगी मला मराठीत मूर्ख ठरवते आहे. त्या वसंतात मला आणखी काही नको होतं.

बाकी त्रास होताच. चेंडू लांबट असल्यामुळे तो आपटला की कुठे जाईल ह्याचा नेम नाही. मागच्या अंगणात ती सराव करायची आणि तो पहिल्या मजल्यावरच्या फ्राउ बेरेन्स ह्या बाईंच्या रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या भाजीच्या, वाफ्यात जायचा. फ्राउ बेरेन्स बिल्डिंगच्या नियमांच्या बाबतीत अत्यंत जागरूक. दुपारची रूहत्साइट म्हणजे शांततेची वेळ, त्या वेळी आवाज नाही. त्यांनी दार वाजवून मला सांगितलं की त्यांना चेंडूचा त्रास नाही, पण तो प्रत्येक वेळी वेगळ्या आवाजात आपटतो, त्यामुळे झोप लागत नाही. साधा चेंडू असता तर सवय झाली असती. मी नुसता मान डोलावून उभा. त्यांचं म्हणणं मला शब्दश: पटलं होतं. गाडीतला नको असलेला आवाज शोधणं हाच माझा धंदा आहे. दार करकरतं का, डॅशबोर्ड कुठे थरथरतो, काच वाऱ्यात शीळ घालते का, हे ऐकायला मला पगार मिळतो. ठरावीक आवाज माणूस सहन करतो. अवचित येणारा सहन होत नाही.

एप्रिलमध्ये तिनं कॉलिनला शोधून काढलं. कॉलिन मूळचा टास्मानियाचा, बायको इथली म्हणून इथे, संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो आणि उरलेल्या वेळात हा खेळ. त्याच्याकडे मुलींचा एक संघ होता, तीन गावांतून गोळा केलेला, त्यात विद्यापीठातल्या दोघी-तिघी आणि शाळेतल्या बाकीच्या. ह्या खेळाला लागणारं लंबगोल मैदान मिळायचा प्रश्नच नव्हता, साध्या फुटबॉलच्या मैदानावर, नऊ-नऊ जणी. खांब म्हणजे बांधकामाच्या दुकानातून आणलेले प्लास्टिकचे पाइप, जमिनीत रोवलेले.

आता इथल्या फेराइनची, म्हणजे क्लबची, एक रीत आहे. मूल घातलं की आईबापांना काहीतरी काम करावं लागतं. त्याला एहरनआम्ट म्हणतात, मानाचं काम, म्हणजे फुकटचं. कॉलिननं पहिल्याच दिवशी सगळ्या पालकांना गोल उभं केलं आणि विचारलं की कोण काय करणार. मंजिरी एका श्वासात म्हणाली, “मी केक आणते.” तिचा आवाज विरायच्या आत सगळे केक संपले, कॉफी संपली, गाडीनं मुलींना न्यायचं-आणायचंही संपलं. उरला मी, आणि उरलं गोल अंपायरचं काम. दोन खांबांच्या मागे उभं राहायचं, चेंडू कुठून गेला ते बघायचं, हातानं खूण करायची, मग झेंडे हलवायचे. गोल असेल तर दोन बोटं आणि दोन झेंडे, बिहाइंड असेल तर एक बोट आणि एक झेंडा. गोल अंपायर नसेल तर सामना होत नाही. रेवा माझ्याकडे बघत होती. मी हात वर केला.

झेंडे मंजिरीनं उशीच्या जुन्या पांढऱ्या अभ्र्यांचे शिवून दिले. अंपायरचा पांढरा डगला म्हणून विद्यापीठातल्या एका मुलीनं आपल्या लॅबमधला कोट आणला. तो घालून मी आरशासमोर उभा असताना नेमका नाशिकहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

“अहो, हे काय? दवाखान्यात आहात का तुम्ही?”

“नाही आई, रेवाच्या खेळात पंच आहे.”

“मग रक्त कोणाचं काढणार आहात?”

मागून रेवा हसली, आणि आजीला सगळा खेळ समजावून सांगायला लागली. तेही मराठीत. कोट राहू दे म्हटलं.

पहिल्या सामन्यात मी आयुष्यभर पुरेल एवढी शोभा करून घेतली. माझं बालपण मिरजेला शाळेमागच्या मैदानावर क्रिकेटमध्ये गेलं. डोक्यात काही गोष्टी तेव्हाच पक्क्या बसल्या आहेत. पहिला गोल झाला. सहा गुण. सहा म्हटल्याबरोबर माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले, सरळ, षटकार दिल्यासारखे. सगळ्या जर्मन मुली जागच्या जागी थांबल्या. एका बापाला वाटलं मी मदत मागतोय, तो पाण्याची बाटली घेऊन धावत आला. फक्त कॉलिनला कळलं. तो मैदानाच्या मध्ये गुडघ्यांवर हात ठेवून इतका हसला की त्याला शिट्टी वाजवता येईना. मग ओरडून म्हणाला की खूण चुकली, पण मनुष्य योग्य देशातला आहे. ह्या एका वाक्यासाठी मी त्याला बरंच काही माफ करतो.

मे महिना असाच गेला. रस्त्याच्या कडेला शतावरीचे ठेले लागले, शनिवारी सोफा, रविवारी मैदान. येता-जाता गाडीत मागच्या सीटवरून अखंड बडबड. मी कोणत्या खुणेला किती उशीर केला, कुणाचा मार्क खरा नव्हता, कोण हळू पळते. पेट्रोल भरताना मी मुद्दाम हळू भरायचो.

मग तो जूनमधला सामना. हॅम्बुर्गच्या मुली आल्या होत्या. जिंकलो असतो तर शेवटच्या फेरीत गेलो असतो. ऊन होतं, नुकतंच कापलेलं गवत होतं, आणि मंजिरीचा रव्याचा केक सगळ्यांच्या आधी संपला होता. शेवटच्या मिनिटाला आमची बाजू पाच गुणांनी मागे. रेवानं उंच उडी मारून चेंडू झेलला, मार्क. तेवढ्यात वेळ संपल्याचा भोंगा वाजला. पण मार्क आधी घेतलेला असल्यामुळे तिला तिची किक मिळणार होती. गोल झाला तर एका गुणानं जिंकणार. बिहाइंड झाला तर हरणार.

आणि खांबांमागे मी.

हॅम्बुर्गच्या ट्रेनर बाईंनी कॉलिनला विचारलं की हे तिचे वडील ना. कॉलिन म्हणाला, हो. त्यांनी विचारलं, काय करतात? इंजिनिअर आहेत, कॉलिन म्हणाला. मग चालेल, असं म्हणून बाई बाजूला झाल्या. इथे असंच असतं.

रेवा मागे गेली. मोजे वर ओढले. चेंडू दोन्ही हातांत धरून तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे खांबांकडे पाहिलं, मध्ये मी होतो. धावली, मारला. चेंडू उंच आला, छान आला, सरळ येता येता थोडा वळला आणि डाव्या खांबाच्या आतल्या कडेजवळून माझ्या डोक्यावरून गेला. आणि मला आवाज आला. प्लास्टिकच्या पाइपला कातडं घासल्याचा बारीकसा ‘टप्’. खांब हलला नाही. दुसऱ्या कुणालाही तो ऐकू आला नसता. मी दिवसभर तेच करतो. चेंडू खांबाला लागला की गोल नाही, बिहाइंड. नियम स्वच्छ आहे. मी खांबावर हात आपटला, एक बोट पुढे केलं, एक झेंडा घेतला आणि हलवला.

बस्स. एवढंच झालं.

घरी जाताना गाडीत मी म्हटलं, लागला होता गं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “लास मिश.” म्हणजे, राहू दे मला. आणि मराठी बंद झाली.

पूर्ण बंद. त्या उन्हाळ्यात मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटलं. सकाळी ‘मॉर्गन’, रात्री ‘नाख्ट’. शनिवारी पहाटे मी सवयीनं उठायचो आणि तिच्या खोलीचं दार बंद असायचं. ती आत कानाला हेडफोन लावून एकटी सामना बघायची. मी स्वयंपाकघरात आलं ठेचायचो, चहा करायचो, आणि दाराआडून कधी तरी ‘आल्झो’ नाही तर ‘नाइन’ असलं तिचं जर्मन ऐकायचो. नाश्त्याला विचारलं, काय झालं गं सामन्याचं, तर “फेरलोरेन.” हरले. मी बरोबर होतो. हे मी मंजिरीला सांगितलं, कॉलिनला सांगितलं, एकदा कारखान्यातल्या सहकाऱ्यालाही आकृती काढून सांगितलं. सगळ्यांनी मान्य केलं. बरोबर असण्याचा इतका त्रास मला आधी कधी झाला नव्हता.

“मग काय, खोटं द्यायला हवं होतं का मी?” मी मंजिरीला विचारलं. ती रुबार्ब चिरत होती. फ्राउ बेरेन्स ह्यांनी दिला होता. अंगणातला सराव थांबल्यामुळे पीक वाचलं होतं.

“तसं मी कुठे म्हणाले?”

“मग?”

“तुला लोकांच्या गाडीची करकर ऐकू येते रे. घरातली नाही.”

हे ऐकून मी आणखी चिडलो, कारण ह्यात करण्यासारखं काहीच नव्हतं. सूचना हवी. अमुक करा, तमुक बदला. बायका सूचना देत नाहीत, फक्त निदान करतात आणि परत चिरायला लागतात.

बाकीचे सामने मात्र चालू होते, आणि अंपायर मीच होतो. दर रविवारी पांढरा कोट घालून मी त्या दोन पाइपांमागे उभा राहायचो. रेवा माझ्या दिशेनं मारायची. मी दोन बोटं दाखवायचो, एक बोट दाखवायचो. आमचं तेवढंच बोलणं उरलं होतं. जुलैत लिंडनला मोहोर आला, त्याचा तो गोड, चिकट वास गाडीच्या काचांवर बसला, आणि शाळेला सुट्टी लागली. ऑगस्टमध्ये ती उंच झाल्यासारखी वाटली. कॉलिनला ती इंग्रजीत सगळं सांगायची, मैत्रिणींना जर्मनमध्ये. मला सांगायला तिच्याकडे तिसरी भाषा होती आणि ती तिनं मिटून ठेवली होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मेलबर्नला अंतिम सामना असतो. तिचा संघ त्यात नव्हता, सांगायला नकोच. मी त्या दिवशी उठलो नव्हतो. दारावर टकटक झाली.

“बाबा. उठ. चहा कर.”

मी अंथरुणातून असा उठलो की मंजिरीनं विचारलं, आग लागली का कुठे? तोंड न धुता चहा टाकला. आलं जरा जास्तच पडलं. रेवा सोफ्यावर पांघरुणाचं एक टोक माझ्यासाठी मोकळं ठेवून बसली होती. मी त्या टोकाखाली शिरलो. बोललो तर जाईल असं वाटलं. बाहेर धुकं होतं आणि स्क्रीनवर ऊन. दुसऱ्या टप्प्यात एक चेंडू खांबाच्या अगदी कडेनं गेला. तिथला गोल अंपायर थांबला. खांबाकडे पाहिलं, पळत जाऊन मुख्य पंचाशी बोलला, वर कॅमेऱ्यात बघायला सांगितलं. लाख माणसं गप्प.

“बघ,” रेवा म्हणाली. “तो थांबला.”

मी म्हटलं, “त्यांच्याकडे कॅमेरा आहे.”

“मला माहीत होतं, बाबा. माझा लागला होता. मला पण आवाज आला होता.”

मी कप खाली ठेवला. सगळा उन्हाळा. सगळा उन्हाळा हिला माहीत होतं.

“मग चिडलीस कशाला एवढी?”

“तू थांबलाच नाहीस.” ती स्क्रीनकडेच बघत होती. “एक सेकंद पण नाही. बोट डायरेक्ट वर. जसं काय मी कोणी पण आहे.”

“अगं, पण तेच तर काम आहे. थांबायचं नाही.”

“गेनाऊ,” ती म्हणाली. तेच तर, म्हणजे. आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

 मी जूनमधल्या त्या दिवशी बरोबर होतो ह्याबद्दल मला अजून तिळमात्र शंका नाही. पुन्हा तसा चेंडू आला तर पुन्हा एकच बोट. पण ही पोरगी म्हणत होती की एकच बोट दे, फक्त देताना तुला जड जाऊ दे. आता हे कुठल्या नियमात बसवायचं? नियम लिहिणाऱ्यांनी हुकल्याला गुण दिला, आणि बापाच्या थांबण्याला काही जागा ठेवली नाही. मला राग आला आणि हसूही आलं. तेवढ्यात वरून निकाल आला, चेंडू लागला होता, बिहाइंड. रेवा म्हणाली, “आलं जास्त पडलंय.” आमचं बोलणं परत सुरू झालं ते असं.

नंतर ती आणखी एक वर्ष खेळली. मग शाळेची शेवटची परीक्षा आली, गुडघ्याला सूज आली, एक मित्र आला. वेड कधी गेलं ते कळलंही नाही. एका शनिवारी मी पहाटे उठून चहा केला आणि ती झोपलेलीच होती. मी जाऊन हलवलं तर म्हणाली, “तू बघ ना, मला नंतर सांग.” मी बसून बघितला. काय करणार, उठलो होतो.

आणि एहरनआम्ट तर काय, एकदा चिकटला की चिकटला. मूल जातं, आईबाप राहतात. गेल्या शरदात ती कायझर्सलाउटर्नला गेल्यापासून फोनवर पुन्हा जर्मन वाढलंय. घाईत असते. “पापा, इश म्युस लोस,” निघायला हवं म्हणते, आणि फोन बंद. मंजिरी म्हणते, मोठी झाली. मी गाड्यांचे आवाज ऐकतो.

तर ह्या मार्चमध्ये मी कॉलिनला उत्तर लिहायला घेतलं. गुडघ्यापर्यंत आलो आणि ते खोडून ‘हो, तयार’ असं लिहिलं. मंजिरीनं विचारलं, “कशाला परत?” मी म्हटलं, दुसरं कोणी मिळत नाही त्याला. खरंच मिळत नाही.

काल पहिला सामना झाला. थंडी होती, गवत ओलं, पाइप तेच, कोट तोच, फक्त पुढे नीट लागत नाही आता. संघात सगळ्या नव्या मुली. त्यातली एक, डोक्यावर लाल पट्टा बांधलेली, बारीकशी, मैदानाच्या कडेनं पळत आली आणि तिनं मारला. चेंडू वळत वळत डाव्या खांबाच्या आतून गेला. टप्. स्पष्ट ऐकू आलं.

माझा हात उठला, आणि मी तो खाली घेतला. खांबाकडे पाहिलं. मग त्या मुलीकडे पाहिलं. ती दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, मी कोण हे तिला माहीतही नव्हतं. मागे कुणाचा तरी बाप काहीतरी ओरडला. मी तसाच उभा राहिलो, एक लांब श्वास घेऊन सोडण्याइतका. मग खांबावर हात आपटला, एक बोट पुढे केलं, एक झेंडा हलवला.

“डोळ्यांचा नंबर वाढला का?” सामन्यानंतर कॉलिननं विचारलं. मी म्हटलं, असेल.

सगळे केककडे गेले. मी पाइप उपटायच्या आधी रेवाला लिहिलं, ‘आज एक चेंडू खांबाला लागला. मी थांबलो.’ पाठवल्यावर वाटलं, काय हा मूर्खपणा. ती भिंतीवर कुठेतरी लोंबकळत असेल, तिला काय आठवतंय. पाइप उपटले, गाडीत भरले, हात चिखलानं माखले. फोन वाजला तेव्हा तो बाहेर काढायला मला कोटाच्या आतल्या बाजूला बोटं पुसावी लागली. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, पण मराठी होतं.

‘आणि मग काय दिलंस?’

‘बिहाइंडच. लागला होता,’ मी लिहिलं.

ह्या वेळी उत्तर लगेच आलं.

‘वाटलंच मला.’